प्रिंटरला थेट कोड पाठवल्यावर ६ इंची बिल कधी ६, तर कधी ५ इंचांवर का थांबतं?

प्रश्न : दूधबिल_करवीर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत संगणकाचं काम बघते. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं छापायची असतात आणि त्या दिवशी संस्थेच्या दारात सकाळपासून माणसं उभी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रिंटर एप्सनचा एलएक्स-३१०, नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स. उबुंटूच्या मशीनला यूएसबीने जोडलाय. कागद १० बाय १२ चा कंटिन्युअस, मधोमध आडवं परफोरेशन (फाडायची छिद्रांची रेघ), म्हणजे एक बिल ६ इंची. बिलात डाव्या बाजूला सकाळचं दूध, उजव्या बाजूला संध्याकाळचं. दोन्हीकडे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि रक्कम. खाली कपाती : पशुखाद्य, उचल, शेअर्स, जे असेल ते. ८० अक्षरांच्या ओळीत हे मावत नाही म्हणून बारीक अक्षर लागतं, त्यात एका ओळीला १३७ अक्षरं बसतात.

आमचा प्रोग्राम सगळ्या बिलांची मिळून एक साधी टेक्स्ट फाइल काढतो, प्रत्येक बिलाच्या शेवटी फॉर्म फीड (१२, म्हणजे 'पुढच्या पानावर जा') असतो. एक छोटी बॅश स्क्रिप्ट आहे. ती आधी कोड एका व्हेरिएबलमध्ये भरते, मग ते व्हेरिएबल आणि मागोमाग फाइल असं एलपी या छपाईच्या कमांडला 'रॉ' (जसंच्या तसं पाठव) पर्याय लावून देते. कोड असे (प्रत्येक आकडा म्हणजे प्रिंटरला जाणारा एक बाइट) :

२७ ६४ : रीसेट
२७ ६७ ० ६ : पानाची लांबी ६ इंच
१५ : बारीक अक्षर

बारीक अक्षर व्यवस्थित येतं. अडचण लांबीची आहे. ज्यांच्या कपाती जास्त त्यांचं बिल संपलं की कागद बरोबर पुढच्या बिलाच्या सुरुवातीला जाऊन थांबतो. ज्यांना फक्त पशुखाद्याची एखादी ओळ आहे त्यांच्या बिलानंतर कागद कमी सरकतो आणि पुढचं बिल वरतीच सुरू होतं. पट्टी लावून मोजलं, कमी पडणारं अंतर नेमकं एक इंच. थोडंसं कमी, थोडंसं जास्त असं कधीच नाही. अशी काही बिलं झाली की मजकूर परफोरेशनवर चढतो आणि एकाच्या कपाती दुसऱ्याच्या कागदावर जातात. पैशाचा कागद आहे, असं चालत नाही.

आणि हे मला अजिबात कळत नाहीये : हेच कोड टर्मिनलवर प्रिंटएफ कमांडने थेट प्रिंटरच्या डिव्हाइस फाइलवर सोडले आणि मागून सगळ्यात छोटं बिल सोडलं, तर कागद बरोबर ६ इंचांवर थांबतो. म्हणजे कोडही बरोबर, प्रिंटरही बरोबर. मग स्क्रिप्टमधून गेल्यावर काय होतं?

उत्तर : प्रणाली_नाशिक

ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कागद १० बाय ६ असा कस्टम करून बघितलात का? आमच्या ऑफिसात लेटर साइज राहिली होती तेव्हा असंच व्हायचं.

दूधबिल_करवीर

धन्यवाद ताई, पण 'रॉ' लावल्यावर ड्रायव्हर मधे येतच नाही. जे बाइट पाठवू तेच प्रिंटरला मिळतात. 'रॉ' काढून बघितलं तर उलट बारीक अक्षरही येईना, क्युप्स (उबुंटूचा छपाई सांभाळणारा भाग) त्या मजकुराचं स्वतःच पान बनवून पाठवतं.

उत्तर : फॉक्सप्रो_सांगली

मी पतसंस्थांची कामं केलीत, आधी डॉसवर क्लिपर आणि नंतर फॉक्सप्रो. फॉक्सप्रोत तीन प्रश्नचिन्हांची कमांड होती, ती लिहून पुढे कोड दिला की तो तसाच प्रिंटरला जायचा. पण पानाच्या लांबीवर आम्ही विसंबायचोच नाही. बिलाच्या ओळी मोजायच्या, ३६ पर्यंत कोऱ्या ओळी भरायच्या, फॉर्म फीड द्यायचाच नाही. इंचाला ६ ओळी, ६ इंचाला ३६. प्रोग्राममध्ये एक काउंटर लावा. आजही कुठल्याही प्रिंटरवर चालेल.

एकच सांभाळा. कोणाच्या कपाती वाढून बिल ३७ ओळींचं झालं तर काउंटर ७२ वर न्यायची सोय ठेवा, नाहीतर तिथून पुढचं सगळं सरकेल.

उत्तर : सूतपेठ_इचलकरंजी

ताई, तुम्ही पट्टी लावून मोजलंत म्हणून हे सुटलं. फरक नेमका एक इंचाचा आहे आणि टर्मिनलवरून गेलं तर येत नाही, या दोन गोष्टींत सगळं आलं. मी इथे सुताच्या पेढ्यांवरची बिलिंगची मशीनं बघतो, हाच प्रकार आमच्याकडेही येतो.

तुमच्या कोडमधला शून्य वाटेत गळतोय.

पानाची लांबी सांगायचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही २७ ६७ नेच सुरू होतात. २७ ६७ नंतर सरळ आकडा आला तर प्रिंटर त्याला ओळी समजतो. २७ ६७ नंतर आधी शून्य आणि मग आकडा आला तर तो इंच समजतो. तुम्ही पाठवता २७ ६७ ० ६, म्हणजे ६ इंच. मधला शून्य गेला की उरतं २७ ६७ ६, म्हणजे ६ ओळी. इंचाला ६ ओळींच्या हिशेबाने तुमच्या प्रिंटरला वाटतंय की पान एक इंचाचं आहे. त्याच्या दृष्टीने तुमचं एक बिल म्हणजे सहा पानं.

आता फॉर्म फीडचं काम काय, तर पुढच्या पानाच्या माथ्यावर जायचं. पान एक इंचाचं असेल तर तो पुढच्या इंचावर थांबणार. बिल ३० ते ३५ ओळींचं झालं असेल तर पुढचा माथा ३६ व्या ओळीनंतर येतो, म्हणजे बरोबर ६ इंच. ते योगायोगाने जमतं. बिल २४ ते २९ ओळींत संपलं की माथा ३० ओळींनंतरच येतो, म्हणजे ५ इंच. तुमची कमी कपातीची बिलं एक इंच कमी पडतात ती यामुळे. फाइल उघडून अशा एखाद्या बिलाच्या ओळी मोजा, २४ ते २९ मध्येच निघतील.

शून्य गळतो कुठे? व्हेरिएबलमध्ये. बॅशचं व्हेरिएबल शून्य हा बाइट धरूच शकत नाही, कारण आतून ते सी भाषेतल्या स्ट्रिंगसारखं असतं आणि तिथे शून्याचा अर्थ 'मजकूर संपला' असा आहे. कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेताना बॅश शून्य टाकून देतं आणि बाकीचे बाइट ठेवतं. ४.४ पासूनच्या बॅशमध्ये 'नल बाइट दुर्लक्षित केला' अशा अर्थाची एक ओळ इंग्रजीत येते, पण ती एरर आउटपुटवर. तुमची स्क्रिप्ट डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून चालत असणार, म्हणून ती ओळ कोणाच्या नजरेला पडत नाही. टर्मिनलवर तुम्ही प्रिंटएफचं आउटपुट सरळ डिव्हाइसवर सोडलंत, मधे व्हेरिएबल नव्हतं, शून्य पोहोचला.

उपाय सांगतो. कोड व्हेरिएबलमध्ये ठेवूच नका, फाइलमध्ये ठेवा. एकदाच प्रिंटएफला हे द्या आणि आउटपुट एका फाइलमध्ये वळवा (आकडे इथे मराठीत लिहिलेत, टर्मिनलवर इंग्रजीच टाका) :

\०३३\१००\०३३\१०३\०००\००६\०१७

हे अष्टमान (आठच्या पायाचे) आकडे आहेत. ०३३ म्हणजे २७, १०० म्हणजे ६४, १०३ म्हणजे ६७, ०१७ म्हणजे १५. मग स्क्रिप्टमध्ये कॅट कमांडने आधी ही फाइल, मग बिलांची फाइल, आणि पाइपने एलपीला 'रॉ' लावून. फाइलला आणि पाइपला शून्याचं वावडं नाही.

मी मुद्दाम अष्टमान लिहिलं. बरेच जण एक्स लावून हेक्सामध्ये (सोळाच्या पायाने) लिहितात. बॅशमध्ये ते चालतं, पण तीच स्क्रिप्ट कोणी एसएच म्हणून चालवली तर उबुंटूवर डॅश नावाचं शेल उठतं, २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून तसं आहे. डॅशच्या प्रिंटएफला हेक्साचं लिखाण कळत नाही, मग कागदावर बॅकस्लॅश, एक्स, वन, बी अशी अक्षरंच छापून येतात. अष्टमान दोन्हीकडे चालतं.

दुसरा मार्ग, शून्यच नको असेल तर : २७ ६७ ३६. ३६ ओळी म्हणजे ६ इंच. पण इथे क्रम सांभाळा. ओळींतली लांबी त्या क्षणी जे अंतर चालू असेल त्यावर ठरते. कोणी आधी २७ ४८ देऊन इंचाला ८ ओळी केल्या असतील तर ३६ ओळींचं पान साडेचार इंचांचं होतं, आणि नंतर २७ ५० देऊन अंतर परत ६ वर आणलं तरी ठरलेली लांबी बदलत नाही. म्हणून आधी २७ ५०, मग २७ ६७ ३६. अंतर बदलायचं असेल तर त्यानंतर.

आणि हे नक्की वाचा. लांबीचा कोड मिळतो तेव्हा हेड जिथे असेल तोच प्रिंटर पानाचा माथा धरतो. म्हणून हे कोड फाइलच्या सुरुवातीला एकदाच, कागद परफोरेशनला नीट लावून. प्रत्येक बिलाच्या आधी पाठवलेत आणि एखाद्या वेळी हेड दोन ओळी खाली असलं तर तिथून पुढचं सगळं दोन ओळींनी खाली जाईल.

फॉक्सप्रोवाल्या दादांची ओळी मोजायची पद्धत चुकीची नाही. पण लांबीचा कोड नीट पोहोचत असेल तर हिशेब प्रिंटरच करतो, आणि ज्याच्या कपाती ३६ ओळींच्या पुढे गेल्या त्याला तो आपोआप पुढचा कागद देतो. त्यासाठी प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

शेवटी, अंदाज करत बसू नका, काय जातंय ते बघा. बनवलेली फाइल ओडी कमांडला टी-यू-१ पर्याय देऊन दाखवा, सगळे बाइट दशमानात समोर येतात. २७ ६४ २७ ६७ ० ६ १५ असे सात दिसले पाहिजेत. डावीकडचा रकाना फक्त जागा दाखवतो, तो सोडून वाचा. आणि वाटेत काही होतंय का हे बघायचं असेल तर प्रिंटरला स्वतःचा डम्प मोड आहे. पुस्तिकेत दिलेली बटणं दाबून धरून चालू केला की येणारे सगळे बाइट तो हेक्सामध्ये छापतो, कुठलाही कोड पाळत नाही. नवीन मशीन लावलं की मी आधी त्याच मोडमध्ये एक पान काढतो.

उत्तर : गोदाम_भिवंडी

माझं काम विंडोजवर आहे पण विषय तोच, म्हणून नोंद टाकतो. आमच्याकडे ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या डॉट मॅट्रिक्सवर निघतात. तिथे कॉपी कमांडने फाइल एलपीटी१ ला (प्रिंटरच्या जुन्या पोर्टला) पाठवतात. त्यात स्लॅश बी लावायलाच हवा. तो नसला तर कॉपी डिव्हाइसला पाठवताना फाइल मजकूर म्हणून वाचते आणि २६ हा बाइट दिसला की तिला वाटतं फाइल संपली. साध्या बिल्टीत २६ येत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. लोगो किंवा बारकोड ग्राफिकमध्ये टाकला की अर्ध्यात तुटतो.

प्रिंटर यूएसबीचा असेल तर एलपीटी१ नसतो. प्रिंटर शेअर करायचा आणि नेट यूज कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडायचा. किंवा कॉपी स्लॅश बी करून सरळ शेअरच्या नावावर फाइल सोडायची.

दूधबिल_करवीर

सूतपेठ दादा, ओडी लावून बघितलं. व्हेरिएबलमधून आलेल्या फाइलमध्ये २७ ६४ २७ ६७ ६ १५, शून्य खरंच नाही. तुम्ही सांगितल्यासारखी फाइल केली, सगळी बिलं काढली, प्रत्येक बिल आपापल्या कागदावर. कमी कपातीच्या बिलांच्या ओळीही मोजल्या, २६ आणि २७ होत्या. मनापासून आभार. गोदाम दादा, स्लॅश बीचं लिहून ठेवलं, शेजारच्या गावच्या संस्थेत विंडोज आहे.

आता यातूनच पुढचं. सभासदांची नावं आम्ही इंग्रजी अक्षरांत छापतो, पण म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत नाहीत. स्वतःच्या दुधाच्या बिलावर स्वतःचं नाव वाचता यावं एवढंच त्यांचं मागणं आहे आणि ते रास्त आहे. म्हणून फाइलमध्ये नावं मराठीत घालून बघितली. नावाच्या जागी तिरप्या अक्षरात डॉलरची आणि टक्क्याची चिन्हं येतात. प्रिंटर मधेच बीप वाजवतो. जोडाक्षराचं नाव आलं की ओळ परत डावीकडून सुरू होऊन छापलेल्यावरच छापलं जातं. आणि चौगुले आडनाव आलं की कागद सरळ पुढच्या बिलावर जातो! पाटील, कांबळे असले की कागद जात नाही. हे असं नावागणिक वेगळं कसं?

उत्तर : सूतपेठ_इचलकरंजी

ताई, याचाही हिशेब लागतो आणि तुम्ही दिलेल्या खुणांवरूनच लागतो.

तुमची फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) आहे. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा त्या चिन्हाप्रमाणे बदलतो. प्रिंटरला यूटीएफ-८ माहीत नाही, तो एकेक बाइट वेगळा वाचतो. तिरपी अक्षरं येतात म्हणजे तुमच्या प्रिंटरवर इटॅलिक टेबल निवडलेलं आहे. त्यात १६० च्या पुढचे आकडे म्हणजे १२८ वजा करून येणारं अक्षर, पण तिरपं. १६४ वजा १२८ म्हणजे ३६, डॉलर. १६५ वजा १२८ म्हणजे ३७, टक्का.

आणि १२८ ते १५९ हे आकडे तिथे छापायचे नसतातच. ० ते ३१ चे जे कंट्रोल कोड, त्यांचीच ती दुसरी प्रत. तेव्हा तिसरा बाइट बघा :

एकाराची मात्रा (े) संपते १३५ वर. १२८ गेले, उरले ७ : घंटा. कांबळेतला बीप हा.
हलन्त (्) संपतो १४१ वर. उरले १३ : कॅरेज रिटर्न, हेड ओळीच्या सुरुवातीला. जोडाक्षराला छापलेल्यावर छापतो ते यामुळे.
औकाराची मात्रा (ौ) संपते १४० वर. उरले १२ : फॉर्म फीड.

चौगुलेत औकार आहे, पाटीलमध्ये नाही. गौरव किंवा मौला नाव आलं तरी कागद जाईल. आणि स्वतंत्र ए संपतो १४३ वर, त्यातून उरतो १५, म्हणजे तुमचंच बारीक अक्षर. एकनाथ नावाने बारीक अक्षर चालू होतं, ते आधीच चालू असल्यामुळे तुम्हाला दिसलं नाही.

२७ ५४ पाठवलात तर १२८ ते १५९ हे आकडे कोड म्हणून पाळणं बंद होतं. कागद पळणार नाही, बीप होणार नाही, पण मराठीही येणार नाही. प्रिंटरच्या रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) देवनागरी अक्षरंच नाहीत, ती कुठल्याही कोडने बाहेर काढता येत नाहीत. देवनागरी चित्र म्हणूनच पाठवावी लागते.

त्याचा कोड २७ ४२. पुढे घनता, मग किती उभ्या पट्ट्या ते दोन बाइटमध्ये, मग प्रत्येक पट्टीचा एक बाइट, आठ ठिपक्यांचा, सगळ्यात वरचा ठिपका १२८. घनता ० म्हणजे इंचाला ६० पट्ट्या. तुमचं नाव समजा ३ इंच रुंद, तर १८० पट्ट्या : २७ ४२ ० १८० ०, आणि पुढे १८० बाइट. पूर्ण ८ इंचाची ओळ असेल तर ४८० पट्ट्या, त्या २२४ आणि १ अशा लिहायच्या, कारण दुसऱ्या आकड्याला २५६ ने गुणायचं असतं. मात्रा आणि उकार धरले तर नाव आठ ठिपक्यांच्या उंचीत वाचनीय होत नाही, दोन आडवे पट्टे एकाखाली एक लागतात. मधे फट पडू नये म्हणून आधी २७ ६५ ८ देऊन ओळीचं अंतर ८/७२ इंच करा आणि नाव झालं की २७ ५० ने परत मूळ अंतरावर या. दोन आडव्या पट्ट्यांचं हे नाव १६/७२ इंच खातं, साध्या ओळीचे १२/७२ असतात. तेवढी जागा मांडणीत धरा.

ही चित्रं दर वेळी बनवायची गरज नाही. सभासद तेच असतात. प्रत्येकाच्या नावाची दोन आडव्या पट्ट्यांची फाइल एकदा बनवून खाते क्रमांकाने ठेवा आणि बिल जुळवताना कॅटने मधे घाला. या फाइलींत शून्य भरपूर असणार, कोरी उभी पट्टी म्हणजे शून्यच. तेव्हा पुन्हा तेच : व्हेरिएबलमध्ये नाही, फाइल आणि पाइप.

बाकीच्या मराठी कागदांसाठी, म्हणजे नोटिसा, सभेची पत्रं, त्याच प्रिंटरची क्युप्समध्ये दुसरी रांग बनवा, नऊ पिनांच्या एप्सनचा ड्रायव्हर लावून. ती सगळं चित्र म्हणून पाठवते, मराठी नीट येते, पण हेड पानभर सावकाश फिरतं. बिलांच्या दिवशी त्या रांगेवरून बिलं काढाल तर दारातली माणसं दुपारपर्यंत हलणार नाहीत. बिलं 'रॉ' वरूनच काढा, फक्त नाव चित्र.

नावांच्या पट्ट्या बनवायची छोटी पायथन स्क्रिप्ट माझ्याकडे आहे. इथेच वेगळ्या धाग्यावर टाकतो, तुमच्या खाते क्रमांकांची मांडणी कशी आहे तेवढं तिथे लिहा.